आयसीयूतल्या क्लेब्सिएलाचा स्पॅनिंग ट्री काढला, पण बाणांची दिशा आणि खात्री कशी ठरवायची?

नोडवेल यांचा प्रश्न:

ग्राफ अल्गोरिदमवर पीएचडी चालू आहे आणि त्यातलं एक प्रकरण वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाबरोबर आहे. हाताशी आहे ते असं: आयसीयू आणि शेजारच्या दोन वॉर्डांतले ४६ रुग्ण, प्रत्येकाकडून मिळालेला, कार्बापेनेम गटातल्या अँटिबायोटिकला दाद न देणारा एक क्लेब्सिएला न्यूमोनिए जंतू, त्याचा इल्युमिना यंत्रावर छोट्या तुकड्यांत वाचून (शॉर्ट रीड) काढलेला जीनोम, नमुना घेतल्याची तारीख, आणि कोणता रुग्ण कधी कोणत्या खाटेवर होता याची एक्सेल.

सगळे जीनोम स्निपी या सॉफ्टवेअरने एका सार्वजनिक संदर्भ जीनोमशी जुळवले, कोअर अलाइनमेंट (सगळ्यांत समान असलेला भाग) घेतलं, एसएनपी-डिस्ट्सने ४६ × ४६ अंतरांचा तक्ता काढला (अंतर म्हणजे एसएनपींची, म्हणजे डीएनएतल्या एकेका अक्षराच्या फरकांची संख्या), त्यावर प्रिमचा अल्गोरिदम चालवला. तो मिनिमम स्पॅनिंग ट्री काढतो, म्हणजे सगळे नोड (इथे रुग्ण) कमीत कमी एकूण अंतरात जोडणारं झाड. मग प्रत्येक एजला (दोन नोडमधल्या जोडणीला) आधीच्या तारखेकडून नंतरच्या तारखेकडे बाण दिला.

तीन ठिकाणी अडलंय. काही एज हजारो एसएनपींच्या आहेत, तरी ट्री त्या जोडतोच. सीएसव्हीतल्या ओळींचा क्रम बदलला की ट्री बदलतो. आणि डॉक्टरांचं म्हणणं असं की बाणाने जोडलेल्या काही जोड्या एकाच वेळी रुग्णालयात नव्हत्याच, तर काही बाण सरळसरळ उलटे आहेत.

उंबरठा किती ठेवावा? दिशा कशावरून ठरवावी? आणि संसर्ग नियंत्रण समितीच्या बैठकीत कोणतं चित्र ठेवावं, ज्याचा वॉर्डात खरंच उपयोग होईल?

---

लाप्लासियन:

अडचण प्रिमची नाही, त्याला विचारलेल्या प्रश्नाची आहे. मिनिमम स्पॅनिंग ट्री सगळे नोड कसेही करून जोडतो आणि त्याला दिशा माहीत नसते. तुम्हाला हवंय ते वेगळं: प्रत्येक रुग्णाला जंतू कुठून आला याचं एकच उत्तर, आणि 'बाहेरून आला' हेही त्या उत्तरांपैकी एक.

आधी जंगल वेगळं करा, मग झाड काढा. क्लेबोरेट हे सॉफ्टवेअर चालवून प्रत्येकाचा सिक्वेन्स टाइप (एसटी, म्हणजे जंतूचं घराणं) बघा. भारतात एसटी २३१ आणि एसटी १४७ वारंवार सापडतात. या दोन वेगळ्या घराण्यांमधलं अंतर हजारो एसएनपी असतं, तिथे एजचा विचारच नको. तुमच्या हजारांच्या एज बहुतेक याच असणार. उंबरठ्याबद्दल: युरोपातल्या रुग्णालयांच्या मोठ्या अभ्यासात (२०१९) क्लेब्सिएलासाठी २१ एसएनपी ही मर्यादा सुचवली गेली. एक गट दुसऱ्यापासून वेगळा करायला ती चांगली आहे. पण 'याने त्याला दिला' हे ठरवायला ती फार सैल आहे. हा जंतू वर्षाला साधारण पाच ते दहा एसएनपी जमवतो. तीन आठवड्यांत एखादा एसएनपी झाला तर झाला.

आता दिशा. दिशा असलेल्या ग्राफवर प्रिम किंवा त्याच कामाचा क्रुस्कलचा अल्गोरिदम बरोबर चालत नाहीत. त्यासाठी चू-लिऊ (१९६५) आणि एडमंड्स (१९६७) यांनी वेगवेगळा शोधलेला अल्गोरिदम आहे. प्रत्येक नोडला आत येणारी सगळ्यात स्वस्त एज घ्या, त्यातून चक्र तयार झालं तर ते आकुंचित करून एक नोड माना आणि पुन्हा तेच करा. साथीच्या अभ्यासात २०११ पासून वापरात असलेली सीक्वट्रॅक पद्धत याच अल्गोरिदमवर उभी आहे. पायथनच्या नेटवर्कएक्स लायब्ररीमध्ये हा 'मिनिमम स्पॅनिंग आर्बोरेसेन्स' या नावाने मिळतो. ४६ नोडना वेगाची चिंता नको.

नुसता चालवलात तर तो दोन प्रकारे दगा देईल. एक, सगळ्या नोडपर्यंत पोचणारं झाड शक्य नसेल तर तो एक्सेप्शन फेकतो. दोन, शक्य असेल तर तो सगळ्यांना एकाच पहिल्या रुग्णाखाली आणतो. दोन्हीवर उपाय एकच: एक आभासी मूळ नोड घाला, नाव 'बाहेरून'. त्यातून प्रत्येक रुग्णाकडे एक एज काढा आणि तिची किंमत २२ ठेवा. रुग्णारुग्णांतल्या एजची किंमत एसएनपी अंतराइतकी. मग २१ पर्यंतचा उगम आतला ठरू शकतो, त्यापुढे 'बाहेरून' स्वस्त पडतं. उंबरठा वेगळा लावावा लागत नाही, तो मुळाच्या किमतीत बसतो.

बाण कुठे असू शकतो हे नमुन्याच्या तारखेवरून ठरवू नका. उलटे बाण तिथूनच येतात. नमुना ज्या दिवशी घेतला त्या दिवशी जंतू लागला असं नसतं. प्रत्येक रुग्णासाठी 'लागण्याची खिडकी' काढा: शेवटच्या निगेटिव्ह स्वॅबपासून (तो नसेल तर दाखल झाल्यापासून) पहिल्या पॉझिटिव्हपर्यंत. अ→ब ही एज तेव्हाच ठेवा, जेव्हा ब च्या खिडकीत अ त्याच वॉर्डात होता, किंवा थोड्या दिवसांपूर्वी तिथून गेला होता. एकाच दिवशी एकाच वॉर्डात असतील तर जादा किंमत शून्य, मधे दिवसांचं अंतर असेल तर थोडी जादा. दोन्ही दिशा शक्य असतील तर दोन्ही ठेवा, निवड अल्गोरिदमला करू द्या.

महिनाभराच्या 'कोण कोणाबरोबर होतं' अशा गोळाबेरीज ग्राफवर वाटा शोधू नका. ब आणि क ५ तारखेला एकत्र होते, अ आणि ब २० तारखेला. गोळाबेरीज ग्राफमध्ये अ–ब–क अशी वाट दिसते, पण अ चा जंतू ब मार्फत क पर्यंत जायला काळ मागे फिरावा लागेल. सगळे संपर्क तारखेप्रमाणे लावा आणि एकदाच पुढे सरकत जा: स्रोत आतापर्यंत कुठे पोचू शकतो याचा संच वाढवत नेला की काम झालं.

राहिला क्रम बदलल्यावर बदलणारा ट्री. तो दोष कोडचा नाही. सहा रुग्णांचे जीनोम हुबेहूब सारखे असतील तर त्यांच्यातल्या सगळ्या एज शून्याच्या. सहा नोडवर ६⁴ म्हणजे १२९६ वेगवेगळे स्पॅनिंग ट्री बसतात आणि सगळे सारखेच 'मिनिमम'. लागण्याचा क्रम काटेकोर माहीत असला तरी ५! म्हणजे १२० उरतात. प्रिमने त्यातला तुमच्या फाइलच्या क्रमाने आलेला एक उचलला. म्हणून समितीपुढे एकच झाड ठेवणं म्हणजे नसलेली खात्री दाखवणं आहे. प्रत्येक बाणाची संभाव्यता काढता येते. तुमच्याकडच्या खिडक्या तयार झाल्या की त्याचं गणित देतो.

---

पेट्रीबशी:

वरच्या उत्तराशी सहमत. पण ही सगळी झाडं अंतरांच्या तक्त्यावर उभी आहेत आणि तो तक्ता अजून भरवशाचा दिसत नाही.

सार्वजनिक संदर्भ जीनोम दुसऱ्या घराण्याचा असेल तर कोअर आखडतं आणि जे फरक बघायचे तेच त्यातून गळतात. प्रत्येक सिक्वेन्स टाइपसाठी वेगळा संदर्भ घ्या, शक्यतो तुमच्याच साथीतला एक जंतू लाँग रीडवर (डीएनएचे लांब तुकडे वाचणाऱ्या सिक्वेन्सिंगवर) पूर्ण जोडून. मग कव्हरेज (प्रत्येक जागा सरासरी किती वेळा वाचली गेली) बघा. स्निपीचं कोअर म्हणजे सगळ्या नमुन्यांत वाचता आलेल्याच जागा. एखादा नमुना १५ पट खोलीचा असेल तर त्याच्या न वाचलेल्या जागा सगळ्यांच्या तक्त्यातून जातात आणि उरलेल्या ४५ जणांमधली अंतरं खोटी कमी दिसू लागतात. सोपी तपासणी: एकेक नमुना काढून कोअरची लांबी पुन्हा मोजा. एकामुळेच ती उडी मारून वाढत असेल तर तो नमुना पुन्हा सिक्वेन्स करा. ४० पटीखालचे मी आधीच बाजूला ठेवायला सांगेन. जोडलेल्या जीनोमची लांबी साधारण पाच ते सहा दशलक्ष बेसच्या बाहेर गेली तर कल्चर मिसळलंय का ते बघा.

यानंतर गबिन्स चालवाच, ते बाहेरून आलेले डीएनएचे तुकडे ओळखून वगळतं. क्लेब्सिएला डीएनएचे मोठे तुकडे दुसऱ्याकडून उचलतो आणि असा एक तुकडा आला की एका घटनेत शंभर एसएनपी मोजले जातात. तसा रुग्ण विनाकारण 'बाहेरून आलेला' ठरेल.

आता एका रुग्णाचा एकच जंतू याबद्दल. प्लेटवरून एकच कॉलनी (एका जंतूपासून वाढलेला ठिपका) उचलली की त्या रुग्णाच्या आतलं वैविध्य दिसत नाही. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या रुग्णालयात २०११ साली केपीसी (कार्बापेनेम फोडणारं एक एन्झाइम) असलेल्या क्लेब्सिएलाची साथ आली, ती जीनोमवरून उलगडली गेली. पहिली रुग्ण जूनमध्ये दाखल झाली आणि १५ जुलैला घरी गेली. पुढचा रुग्ण सापडला ५ ऑगस्टला. मधले तीन आठवडे सगळं शांत दिसत होतं. एकूण १८ जणांना लागण झाली, ११ दगावले, त्यातले ६ मृत्यू या संसर्गामुळे धरले गेले. त्या पहिल्या रुग्णाच्या अंगावरच्या वेगवेगळ्या जागांमधून घेतलेल्या जंतूंमध्ये थोडे थोडे फरक होते. म्हणूनच तिच्याकडून जंतू तीन वेगवेगळ्या वेळी पुढे गेला हे कळलं. एकाच जागेचा एकच नमुना असता तर ते कळलंच नसतं. तीन ते पाच कॉलन्या आणि शक्य तिथे दोन जागा, एवढं तरी करा. ग्राफमध्ये मग रुग्ण हा एक नोड न राहता नोडचा गट होतो, आणि दोन रुग्णांमधलं अंतर म्हणजे दोन गटांमधलं सर्वांत लहान अंतर.

त्याच साथीत व्हेंटिलेटर आणि सिंकच्या नळ्यांमध्येही जंतू मिळाला होता. तुमच्या तक्त्यात वस्तूंचे नोड दिसत नाहीत. सिंकचं ड्रेन, व्हेंटिलेटर, सक्शनची बाटली, बेडपॅन धुण्याची जागा यांचे स्वॅब घ्या आणि नोड म्हणून घाला. त्यांची खिडकी रुग्णासारखी बंद होत नाही, डिस्चार्ज नाही. 'एकाच वेळी रुग्णालयात नव्हते' अशा तुमच्या जोड्यांपैकी काहींमध्ये बहुधा हीच कडी गहाळ आहे. दुसरी शक्यता म्हणजे न तपासलेला रुग्ण. रेक्टल स्वॅबवर मळ दिसत नसेल तर तो स्वॅब घेतलाच नाही असं धरा. एका निगेटिव्हवर खिडकी बंद करू नका.

दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत पॉझिटिव्ह आलेल्याला 'बाहेरून' ही एकच एज ठेवा. अपवाद: तो गेल्या काही महिन्यांत याच रुग्णालयात राहून गेला असेल तर. आणि इथेच तुमची एक्सेल फसवते. पुन्हा दाखल झालेल्याला नवा नोंदणी क्रमांक मिळतो आणि एक माणूस दोन नोड होतो. रात्री बाराच्या गणतीत आयसीयूत असलेला रुग्ण दुपारी सहा तास दुसऱ्या वॉर्डात होता हे दिसत नाही. तारखांचं तर बघाच: अमेरिकन सेटिंगच्या संगणकावर ०३-०४ चा ३ एप्रिल न राहता ४ मार्च होतो, पण २५-०४ तशीच मजकूर म्हणून राहते. म्हणजे फक्त १२ पर्यंतच्या तारखा गुपचूप उलटतात. डिस्चार्ज दाखल होण्याच्या आधी असलेल्या ओळी मोजा, एक जरी निघाली तरी सगळा स्तंभ संशयित.

अजून एक मोठी गोष्ट. एनडीएम या कार्बापेनेम फोडणाऱ्या एन्झाइमचं जनुक बहुधा प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या स्वतंत्र कड्यावर) असतं आणि प्लाझ्मिड एका घराण्यातून दुसऱ्यात, अगदी ई. कोलायमध्येही जातं. एसटी २३१ आणि एसटी १४७ मध्ये एज नको हे जंतूपुरतं बरोबर. प्लाझ्मिडपुरतं नाही. शॉर्ट रीडवर प्लाझ्मिड नीट जुळत नाही. निवडक नमुने नॅनोपोरवर (लाँग रीडचं यंत्र) करा आणि एका बाजूला रुग्ण, दुसऱ्या बाजूला प्लाझ्मिड असा वेगळा द्विभाजित ग्राफ काढा. दोन्ही थर एकात मिसळू नका.

उपचाराच्या बाजूने: जंतू कोणत्या एन्झाइमचा हे झाडापेक्षा आधी खाटेपर्यंत पोचलं पाहिजे. केपीसी किंवा ओएक्सए-४८ गटावर सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम चालतं. एनडीएम असेल तर ते एकटं पुरत नाही, सोबत ॲझ्ट्रिओनाम लागतं. कोलिस्टिनचा रिपोर्ट डिस्कवरून देऊ नये, ब्रॉथ मायक्रोडायल्युशनच (औषधाच्या वेगवेगळ्या प्रमाणांत जंतू वाढवून बघणं) हवं. नुसत्या रेक्टल स्वॅबमध्ये जंतू निघाला आणि संसर्गाची लक्षणं नाहीत, तर अँटिबायोटिक द्यायचं नाही. हातांची स्वच्छता, गाऊन-हातमोजे, पॉझिटिव्ह रुग्ण एका बाजूला आणि त्यांच्यासाठी वेगळ्या सिस्टर, हे पहिल्या कल्चर रिपोर्टवर सुरू झालं पाहिजे. सिक्वेन्सिंगची वाट बघत बसलो तर तोवर जंतू आणखी चार खाटांवर पोचलेला असतो.

बैठकीतल्या चित्रात रुग्णाचं नाव, खाट क्रमांक किंवा सिस्टरचं नाव नको. बाण दिसला की लोक त्यात दोष वाचतात. ज्याच्याकडून जंतू गेला तो स्वतः आयसीयूत झुंजत असलेला माणूस आहे. केसपेपरवर 'स्रोत' हा शब्द लिहू देऊ नका.

---

नोडवेल:

दोघांचेही मनापासून आभार. तारखांचा स्तंभ तपासला, डिस्चार्ज आधी आणि भरती नंतर अशा ओळी खरंच आहेत. आधी त्याच सुधारते.

लाप्लासियन, बाणाच्या संभाव्यतेचं गणित आता द्याल का? आणि विभागात काही क्षयाचे जीनोमही आहेत. हीच पद्धत तिथे जशीच्या तशी चालेल का?

---

थुंकीनमुना:

क्षयाचं मी सांगतो. जशीच्या तशी नाही.

मायकोबॅक्टेरियम ट्यूबरक्युलोसिस वर्षाला सरासरी अर्धा एसएनपी बदलतो. ऑक्सफर्डच्या गटाने २०१३ साली मांडलेले उंबरठे आजही वापरात आहेत: पाचपर्यंत फरक असेल तर अलीकडचा संबंध संभवतो, बारापेक्षा जास्त असेल तर तो जवळपास नाकारता येतो. त्यामुळे बरोबरीच्या एज क्लेब्सिएलापेक्षा कितीतरी जास्त निघतील. शिवाय जंतू शरीरात वर्षानुवर्षं सुप्त राहतो, म्हणून 'लागण्याची खिडकी' खूप लांब होते आणि दिशा बहुतेक वेळा ठरतच नाही. पीई-पीपीई नावाची जनुकं आधी मास्क करा, म्हणजे मोजणीतून वगळा, तिथे शॉर्ट रीड चुकीच्या जागी बसतात आणि खोटे एसएनपी येतात. रीकॉम्बिनेशनची (दुसऱ्याकडून डीएनए उचलण्याची) चिंता मात्र इथे करू नका.

इथे जीनोमइतकंच वजन माणसांच्या जाळ्याला आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातल्या एका साथीत (अभ्यास २०११ चा) एमआयआरयू-व्हीएनटीआर या जनुकीय ठसे घेण्याच्या जुन्या पद्धतीने सगळे जंतू एकसारखे दिसले होते. पूर्ण जीनोम काढल्यावर एकाच वेळी चाललेल्या दोन साथी निघाल्या आणि रुग्णांच्या मुलाखतींतून बांधलेल्या सामाजिक जाळ्यावर त्या बसल्या. मुलाखतीत फक्त 'कोणाला भेटता' असं विचारू नका, 'कुठे बसता' हेही विचारा. चहाची टपरी, कारखान्याची पाळी, भजनी मंडळ यांचे नोड घातले की नावं न आठवणाऱ्यांचेही दुवे मिळतात.

आणि संपर्कातल्यांची तपासणी, प्रतिबंधक उपचार (उदाहरणार्थ आयसोनियाझिड-रिफापेंटिनचे आठवड्याला एक असे १२ डोस) हे ग्राफ पूर्ण होण्याची वाट बघत नाहीत. घरातल्यांना आधी गाठायचं.

---

लाप्लासियन:

गणित असं. प्रत्येक एजला किंमत न देता वजन द्या, वजन म्हणजे ती घटना घडण्याची शक्यता. एसएनपीचा भाग पॉइसाँ वितरणाने: सरासरी = वर्षाचा दर × दोन नमुन्यांमधला काळ + रुग्णाच्या आतल्या वैविध्यासाठी साधारण १. दर ८ आणि अंतर ३० दिवस असेल तर सरासरी ०.६६ + १ = १.६६. मग शून्य फरकाची शक्यता ०.१९, एकची ०.३२, पाचची फक्त ०.०२. याला संपर्काच्या गुणकाने गुणा: एकाच दिवशी एकाच वॉर्डात १, दिवसांच्या अंतराने कमी, अशक्य असेल तर शून्य. २१ चा उंबरठा जोडीसाठी का सैल आहे हे या आकड्यांतच दिसतं.

मग किर्खहोफचा मॅट्रिक्स-ट्री सिद्धांत, दिशेच्या ग्राफसाठी टटने वाढवलेला. मॅट्रिक्स ल असा भरा: कर्णावर ल(ब,ब) म्हणजे ब कडे येणाऱ्या सगळ्या वजनांची बेरीज, 'बाहेरून' धरून. बाकी ल(अ,ब) = −वजन(अ→ब). मुळाची ओळ आणि स्तंभ घ्यायचा नाही. ल चा डिटर्मिनंट म्हणजे सगळ्या शक्य झाडांच्या वजनांची बेरीज. उलट मॅट्रिक्सला म म्हणू:

अ→ब ची संभाव्यता = वजन(अ→ब) × [म(ब,ब) − म(ब,अ)]
बाहेरून→ब ची संभाव्यता = वजन(बाहेरून→ब) × म(ब,ब)

४६ × ४६ चं एक उलट मॅट्रिक्स, की सगळ्या बाणांची उत्तरं एकदम मिळतात. ब कडे येणाऱ्या सगळ्यांची बेरीज १ यायला हवी. वजनं फार लहान होऊन शून्यात जात असतील तर प्रत्येक स्तंभ त्यातल्या सर्वांत मोठ्या वजनाने भागा, उत्तर बदलत नाही. चित्रासाठी अख्खी झाडं हवी असतील तर विल्सनच्या अल्गोरिदमने (१९९६) हजारभर नमुना-झाडं काढा.

सर्वाधिक चूक होते ती म(ब,अ) च्या जागी म(अ,ब) लिहिण्याची. दोनच नोड घेऊन तपासा: मुळाकडून अ आणि ब ला प्रत्येकी वजन १, अ→ब ला २, ब→अ ला १. डिटर्मिनंट ४ यायला हवा, अ→ब ची संभाव्यता १/२, ब→अ ची १/४, बाहेरून→अ ची ३/४. अ→ब ला शून्य आलं तर निर्देशांक उलटे पडलेत. दोन्ही दिशांना सारखं वजन ठेवून तपासलंत तर ही चूक पकडली जाणार नाही, म्हणून मुद्दाम २ आणि १.

सर्वांत डळमळीत आकडा 'बाहेरून'च्या वजनाचा असतो. इथे मघाचं २२ चालणार नाही, ती किंमत होती. दाखल होतानाच पॉझिटिव्ह निघणाऱ्यांच्या प्रमाणावरून सुरुवात करा, मग ते दहापट वाढवून आणि दहापट कमी करून सगळं पुन्हा चालवा. तिन्ही वेळा ०.८ च्या वर राहणारे बाण गडद, बाकीचे फिके. वस्तूंचे नोड चौकोनी. एखाद्या चौकोनातून निघणाऱ्या बाणांच्या संभाव्यतांची बेरीज तीन-चारच्या घरात गेली, तर बाण एकेकटे फिके असले तरी त्या सिंकचं ड्रेन उघडायला सांगा.